आतली कडी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, दि. ५ डिसेंबर १९८२

ती. स्व. नीलाअक्कांस,
उमादेवीचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या घरची न्हाणी काल पाडली. आपोआप पडली नाही, आम्हीच पाडली, तेव्हा आधी छातीवरचा हात काढा आणि मग पुढचं वाचा.

सप्टेंबरात ज्या गुळगुळीत फरशीवरून घसरून अव्वांच्या मांडीचं हाड मोडलं, ती फरशी व्यंकटी गवंड्यानं पहारीनं उपटली तेव्हा तुमचे बंधू स्वतः अंगणात उभे होते. एकेक तुकडा बाहेर पडत होता आणि यांचा चेहरा खुलत होता. अव्वा बऱ्या होण्यासाठी तुमच्याकडे नांदेडला आल्यापासून या माणसाला घरात करमत नाही. सासूच्या माघारी सून सुखात असेल असं तुम्हाला वाटत असेल, पण मलाही करमत नाही, हे त्यांना सांगू नका.

आता नव्या न्हाणीविषयी. न्हाणी म्हणायचं नाही, बाथरूम म्हणायचं, असा हुकूम आहे. लातूर जिल्हा झाल्यापासून तुमच्या बंधूंचे पाय जमिनीला लागत नाहीत. अडत दुकानातून येताना वाटेत एका नव्या साहेबांच्या बंगल्याचं काम चालू आहे, तिथं रोज थांबतात. तिथल्या गुलाबी टाइल्स बघून आले आणि तशाच घेऊन आले. बरोबर अंघोळीचा फवाराही आणला. यंदा पावसानं पाठ फिरवली, परसातल्या आडाचा तळ दिसतो आहे, नळाला तिसऱ्या दिवशी तासभर पाणी येतं. व्यंकटी म्हणाला की मालक, फवारा तर बसवतो, पण त्याच्यातनं काय पडनार तेवढं सांगून ठेवा. यांनी सांगितलं की जिल्हा झालाय, पाणीही येईल.

मी मात्र व्यंकटीला बाजूला घेऊन वेगळं ठरवलं आहे. हा माणूस अहमदपूरचा, बोलणं तिखट पण हात चांगला. भिंतीत एक छोटा हौद करायचा, त्यात पाणी अंगणाच्या बाजूनं ओतायचं, म्हणजे अंघोळीच्या वेळी कुणाला आत जायला नको. आत अव्वांच्या हाताशी तोटी. बसायला पक्का ओटा. समोर भिंतीत कपाट. खाली छिन्नीनं खरबरीत केलेली फरशी. सगळं त्यांच्या मापाचं हवं, आणि माप तुमच्याकडे आहे. काहीतरी युक्ती करून घ्या आणि पाठवा. अव्वांना कळू देऊ नका. दुष्काळात माझ्यापायी घर उकरू नका म्हणून काम थांबवतील, आणि त्यांनी थांबवलेलं काम या घरात आजवर कुणी पुन्हा सुरू केलेलं नाही.

शिवरात्रीला सिद्धेश्वराची जत्रा आहे. त्याआधी अव्वा घरी याव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.

दाजींना नमस्कार, मुलांना पापा. तुमचा लोभ आमच्या नळासारखा तिसऱ्या दिवशी न सोडता रोज सोडावा.

आपली,
उमा

---

॥ श्री ॥

नांदेड, दि. १४ डिसेंबर १९८२

चि. सौ. उमास नीलम्माचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नेमकं अव्वासमोर आलं. मी ते पोळपाटाखाली सरकवलं आणि त्यावरच पोळ्या लाटल्या, म्हणून कागदाला पीठ लागलं आहे. वाचून इतका आनंद झाला की पहिली पोळी करपली.

अव्वा आता काठी घेऊन ओसरीपर्यंत जाते. तब्येतीचं चांगलं आहे. अंघोळीचं मात्र अवघड आहे. मी तिला खुर्चीवर बसवून अंघोळ घालते आणि ती सगळा वेळ डोळे मिटून घेते. मला वाटायचं साबण झोंबतो, पण साबण लावायच्या आधीपासूनच डोळे मिटलेले असतात. त्यातून मुलांचे डबे, यांची शाळा हे उरकून मला दहा वाजतात. मग तिची अंघोळ, मग लिंगपूजा, आणि पूजेशिवाय ती तोंडात घोटभर पाणी घेत नाही हे तुला ठाऊकच आहे. म्हणजे तिची भूकसुद्धा माझ्या सवडीवर. परवा मला म्हणाली, ज्या दिवशी दार आतून लावून माझ्या हातानं अंगावर पाणी घेईन त्या दिवशी लातूरला जाईन, न्हाई तर उमाच्या डोक्यावर हे ओझं न्यायचं न्हाई. म्हणून तुझं पत्र मला देवासारखं आलं.

आता मापाची गंमत ऐक. सरळ माप तिनं घेऊ दिलं नसतं. मी म्हटलं, तुझ्या गळ्यातल्या लिंगाचा दोरा जुना झालाय, नवा करते. लगेच मुकाट बसली. घरात पांढरं सूत होतंच. दोरा गळ्याला लावायचा तो मी आधी गुडघ्याला लावला, मग तिला बसल्या जागी हात लांब करायला लावून जमिनीपासून बोटांपर्यंत ताणला. शिवदोरा गुडघ्यापासून मोजायची रीत नांदेडात कधी निघाली, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, सूत गुंतलंय, सोडवून राहिले. तेवढ्यात तीन गाठी मारून घेतल्या. टोकापासून पहिली गाठ ओट्याची उंची, दुसरी तोटीची, तिसरी कपाटाच्या वरच्या खणाची. यांत फरक करू नका.

दोरा पाकिटात घातला नाही, कारण पोस्टात टाकायची पाकिटं अव्वा आधी चाचपून बघते. आपले बसलिंगप्पा स्वामी उद्या शिरूर अनंतपाळला लग्न लावायला निघाले आहेत, लातूरला एसटी बदलताना तुमच्याकडे देतील. स्वामींना काही सांगितलेलं नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही. फक्त उमाला द्या म्हटलं आहे.

सिद्धरामला म्हणावं, टाइल्स गुलाबी घेतल्यास त्या घेतल्यास, आता दारापुढं लाल दिव्याची गाडी उभी करू नकोस. माया आहेच, ती दोन्ही गावांत सारखी पुरो.

तुझी,
नीलाअक्का

---

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, दि. २१ डिसेंबर १९८२

ती. स्व. अक्कांस सा. न. वि. वि.

आधी मला पोटभर रागवून घ्या. झालं असेल तर सांगते.

तुमचं पत्र काल आलं. स्वामी चार दिवस आधी आले. सकाळची वेळ, दारात जंगम, हातात कागदाची पुडी, पुडीवर विभूतीचं बोट आणि आत पांढराशुभ्र दोरा. अक्कांनी धाडला म्हणाले. अक्का, तुम्हीच सांगा, स्वामींच्या हातून लिंगाचा दोरा घरी आल्यावर मी त्याला न्हाणीचं माप कसं समजायचं. यांचा शिवदोरा खरोखरच विरला होता. मला वाटलं, बहिणीला भावाची किती काळजी. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मी स्वामींच्या पायांवर पाणी घातलं, पाट मांडला, यांना अंघोळ करायला लावून बसवलं. स्वामींनी दोरा उलगडला तर तीन गाठी. नीलम्मानं सूत नीट ठेवलं नाही, असं पुटपुटत त्यांनी त्या तिन्ही गाठी नखानं सावकाश सोडवल्या, मंत्र म्हणून दोरा यांच्या गळ्यात बांधला आणि उरलेलं सूत तोडून बेलाच्या बुंध्याशी ठेवलं. मग जेवले, आणि आशीर्वाद देऊन गेले.

तर आता अव्वांच्या गुडघ्याची उंची तुमच्या बंधूंच्या छातीवर आहे. लिंगाला बांधलेला दोरा काढून भिंतीला लावा असं म्हणायची माझी छाती नाही, आणि काढला तरी गाठी कुठून आणू. तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा हे आधी गळ्यातला दोरा चाचपत राहिले आणि मग इतके हसले की शेजारचे डोकावून गेले.

व्यंकटीनं ऐकल्यावर थापी खाली ठेवली, डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. म्हणाला, वीस वर्सं काम करून राहिलो, चुकलेलं माप पाह्यलं, हरवलेलं माप पाह्यलं, पूजेला गेलेलं माप ह्याच घरात पाह्यलं. पण तो थांबायला तयार नाही, त्याला पुढं दुसरं काम आहे. शेवटी मला दूध घालणारी सरजाबाई आठवली. अव्वांच्याच वयाची आणि त्यांच्याच उंचीची. तिला आत नेऊन विटांवर बसवलं. व्यंकटी एक वीट काढी, अर्धी घाली, आणि ती उठून बसून सांगे. हात पुढं करून तोटी कुठं हवी ते तिनं बोटानं दाखवलं. दुधाच्या किटल्या बाहेर उन्हात, ही आत ऐटीत. आटपा म्हटलं तर म्हणाली, माझ्या जल्मात मला कुनी बसून घे म्हनलं न्हाई, आता उठ म्हनू नका.

त्या अंदाजानं कच्चं काम धरलं आहे. तरी खरं माप हवंच. या वेळी पट्टीनं घ्या आणि आकडे लिहून पाठवा. सूत कृपा करून नको.

चुकले तरी तुमचीच आहे, पदरात घ्यावं.

उमा

---

॥ श्री ॥

नांदेड, दि. ३ जानेवारी १९८३

चि. सौ. उमास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सगळं फुटलं. बसलिंगप्पा स्वामी लग्न लावून परत आले ते थेट अव्वाजवळ बसले आणि सिद्धरामला नवा शिवदोरा कसा शोभतो याचं वर्णन केलं. माझ्या गळ्यासाठी मोजलेला दोरा लेकाच्या गळ्यात कसा गेला, असं तिनं मला विचारलं. मी बरंच काही बोलले, त्यातलं एकही तिला पटलं नाही. शेवटी तुझी पत्रं काढून वाचून दाखवली.

स्वामींनी गाठी सोडवल्या तिथं ती इतकी हसली की काठी हातातून पडली. सरजाबाईचं ऐकून तोंड फुगवलं. माझ्या न्हाणीत माझ्या आधी ती कशी बसली म्हणे. मग हौदाचं वाचलं, पाणी बाहेरून ओतायचं आणि आत कुणी यायचं नाही, तेव्हा मात्र पदराचं टोक चोळत राहिली. मला पुन्हा वाच म्हणाली, मी पुन्हा वाचलं.

त्यानंतर तिची जी स्वारी निघाली ती विचारू नकोस. यांना शाळेतली मोठी लाकडी पट्टी आणायला लावली, खुर्चीत ताठ बसली आणि स्वतःचं माप घेववलं. ओटा सतरा इंच. तोटी जमिनीपासून अठ्ठावीस इंच आणि डाव्या हाताला, कारण उजव्या हातानं ती आधार धरणार. कपाटाचा वरचा खण चव्वेचाळीस इंच, त्याला छोटं दार, म्हणजे विभूतीची डबी कोरडी राहील. मधल्या खणात कोरडं लुगडं, खालच्यात साबण. बाजूला काठी उभी राहील अशी अरुंद खाच. एवढंच. चौथा खण केलात तर सिद्धराम त्यात अडतीच्या पावत्या ठेवील म्हणाली.

आणि दाराला आतून कडी. हे तिनं मला तीनदा लिहायला सांगितलं, मी एकदाच लिहिते. ही गोष्ट सिद्धरामला तू सांग, माझ्याच्यानं होणार नाही. कारण ठाऊक आहे तुला.

सगळ्यांवर नजर असू दे, सरजाबाईवर जरा जास्त.

तुझी,
अक्का

---

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, दि. २० जानेवारी १९८३

ती. अव्वाच्या चरणी सिद्धरामचा शि. सा. नमस्कार.

तू सांगितलेलं सगळं झालं. ओटा सतरा इंच, तोटी डाव्या हाताला, तीन खण, काठीची खाच. सरजाबाईच्या मापात आणि तुझ्या मापात दोन बोटांचा फरक निघाला, तो व्यंकटीनं फोडून नीट केला. टाइल्स खांद्यापर्यंत लावल्या आहेत. फवारा लावला आहे, तुला आवडला नाही तर काढतो.

कडी लावणार नाही.

अव्वा, त्या दिवशी तू आत होतीस आणि मी ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो. पानभर नव्या जिल्ह्याच्या बातम्या होत्या. आतून पाण्याचा आवाज येत होता, मला वाटलं तुझी अंघोळ चालली आहे. उमानं हाक मारली, तू ओ दिली नाहीस. दार आतून लावलेलं. मी लाथा घातल्या, शेवटी पहारीनं दार फोडलं. तू तशीच पडली होतीस, डोळे उघडे, आवाज बसलेला. तासभर तू तिथं होतीस आणि मी दहा हातांवर होतो. अजून दाराला कडी दिसली की माझ्या तळहाताला घाम सुटतो.

जाड पडदा लावतो. उमा बाहेर उभी राहील, आत कुणी येणार नाही, लिंगाची आण. पण दार बंद करू नकोस. जत्रेच्या आधी घरी ये. तुझ्याविना ओसरी खायला उठते.

तुझा,
सिद्धराम

---

नांदेड, दि. २८ जानेवारी १९८३

चि. सौ. उमास आशीर्वाद. कार्डावर लिहिते, कारण लिहायला फार काही नाही.

अव्वानं सिद्धरामचं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि विभूतीच्या डबीखाली ठेवलं. रागावली नाही. त्याला किती लागलंय ते मला ठाऊक नव्हतं, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी जत्रेसाठी बांधून ठेवलेलं गाठोडं मला सोडायला लावलं. सिद्धेश्वराला इथूनच हात जोडते म्हणाली. आज पुन्हा खुर्चीवर बसली आणि डोळे मिटले. मला फार वाईट वाटतं गं, उमा. काय करायचं ते तूच बघ.

नीलाअक्का

---

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, दि. ६ फेब्रुवारी १९८३

ती. स्व. अक्कांस सा. न. वि. वि.

गाठोडं परत बांधा. नऊ तारखेला हे मित्राची जीप घेऊन येत आहेत.

कडी बसली. चोरून नाही, यांच्यासमोर. तुमचं कार्ड वाचून मी यांना जे सांगितलं ते चौदा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत या घरात मला कुणी ना कुणी हाक मारत असतं. न्हाणीचं दार लावून घेतलं की पाच मिनिटं कुणी हाक मारत नाही. तेवढी पाच मिनिटं माझी. अव्वांनी चाळीस वर्षं या घरात तीच पाच मिनिटं स्वतःची म्हणून घेतली असतील. ती काढून घेतली तर त्या गुलाबी टाइल्सचं त्या काय करतील.

हे त्या दिवशी दुकानातही गेले नाहीत. दुपारी व्यंकटीला बोलावून म्हणाले, कडी लाव. त्यानं ती खाली, ओट्यावर बसून हात पोचेल अशी लावली. लावून झाल्यावर हे आत गेले आणि कडी घातली. मी आणि व्यंकटी बाहेर. चांगला अर्धा तास. व्यंकटीनं बिडी पेटवली आणि विझवली. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. आत शांत वाटतं, एवढंच म्हणाले.

एक गोष्ट तुमच्यापाशीच ठेवा. दार आणि चौकट यांच्यात व्यंकटीनं बारीक फट ठेवली आहे. तिच्यातून लोखंडी पट्टी घातली की कडी बाहेरून उचलता येते. पट्टी बाहेरच्या बाजूला चौकटीवर असते. तेवढं यांच्या जिवाला हवं होतं. आणि आत आहेत तोवर अव्वांनी बोलत राहायचं, आवाज थांबला की दार उघडायचं, अशी यांची अट आहे. अव्वांना ती मान्य आहे का विचारा, पट्टीचं मात्र बोलू नका.

अव्वांना सांभाळलंत, त्याची फेड माझ्याच्यानं होणार नाही. आहे तशाच माझ्या राहा.

उमा

---

लातूर, दि. १८ फेब्रुवारी १९८३

चि. सौ. नीलास शिवम्माचा आशीर्वाद. जावईबापूंना आन लेकरांना बी.

हे पत्र उमाला सांगून लिवून घेतलं न्हाई. माझी मीच लिवून राहिले, म्हनून वळी वाकड्या हायत.

न्हाणी लई देखनी झाली. गुलाबी भिंती बघून पहिल्या दिवशी मला लाजच वाटली, नव्या नवरीची खोली म्हनावी तशी. पन फरशी खरबरीत हाय, पाय घट बसतो. तोटी हात लांब केला की हातात येती. विभूतीची डबी कोरडी ऱ्हाती. फवारा कोरडाच हाय, त्याला उमानं माझं वलं लुगडं वाळत घातलंय. सिद्धराम बघतो आन तिकडं तोंड फिरवतो. जत्रेला बी गेले. सरजा संगं हुती. वाटंत भेटंल त्याला सांगत हुती का शिवम्माच्या न्हाणीत पयली मी बसले.

आता अंघुळीचं सांगते, ते तुलाच. बोलत ऱ्हायची अट तू सांगितली हुतीस, मी हो म्हनले हुते. पहिल्या दिवशी आत जाताना चौकटीवर पट्टी दिसली. ती कशाला हाय ते मला न कळाया मी काय खुळी हाय. कडी लावली आन तोंड चालू केलं. शिवाचं नाव घेतलं. ते घेऊन झालं तर उमाच्या आमटीत मीठ जास्त हाय ते सांगितलं. मग उदगीरकडच्या सगळ्या पावन्यांची नावं घेतली, कोन कुनाचं काय लागतं ते सांगितलं. बाहेरून सिद्धराम हूं हूं म्हनत ऱ्हायचा. पानी दोन बादल्या आन बोलनं हौदभर. चार दिसांत माझा घसा बसला. उमा हसून हसून बेजार.

परवा आठवा दिवस. ऊन पानी पाठीवर आलं, मोडलेल्या हाडापर्यंत ऊब गेली आन मी बोलायचं इसरले. किती येळ ते ठावं न्हाई. ध्यानात आलं तवा बाहेर सिद्धरामचं पाऊल दाराशी आलेलं हुतं. चौकटीवरची पट्टी उचलल्याचा आवाज झाला. मी लुगडं वढून घेतलं आन दाराकडं बघत बसले. हाक मारली असती तर त्यो थांबला असता. पन मी मारली न्हाई. का मारली न्हाई ते इचारू नको. मला बघायचं हुतं, त्यो दार उघडतो का ऱ्हातो.

लई येळ काईच झालं न्हाई. मग पट्टी परत वर ठेवल्याचा आवाज आला. त्यो तिथंच दाराला पाठ लावून खाली बसला, ते मला आतून कळालं. त्यानं बी हाक दिली न्हाई.

उरलेलं पानी मी सावकाश घेतलं, मला पाह्यजे तेवढ्या येळात. डोळे उघडे ठेवून. मग कडी काढली. त्यो धडपडून उठला, तोंडाला घाम सुटलेला. मी वल्या हातानं त्याचं तोंड पुसलं आन म्हनले, पूजा करते, तवर उमाला ताट वाढाया सांग, मला भूक लागली.

माया असू दे.

तुझी,
अव्वा